यशीनं बाटली सोडली

मित्रांनो, मी बाळाला दूध पाजायची बाटली. वयानं जुनी आणि कामानं त्याहून जुनी झाले आहे. अंगावरचं सशाचं चित्र अर्धंअधिक उडालं आहे आणि एके काळी काचेसारखं नितळ असलेलं माझं अंग आता धुरकट झालं आहे. तरी माझ्याविषयी हळहळू नका. माझी गोष्ट आनंदाची आहे, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता म्हणाल, तर ज्या दिवशी मला कुणी तोंड लावलं नाही तो!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे मण्यांएवढे दाणे वितळवून साच्यात ओतले आणि मी तयार झाले. ते दाणे ज्या रसायनांपासून बनले होते, त्यांत एकाचं नाव होतं बिस्फेनॉल ए. त्याच्यामुळेच माझं अंग टणक झालं. ते आपल्या अंगात आहे हे मला ठाऊक होतं, पण ते काय करतं हे ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढंच कळत होतं, की मी दिसते काचेसारखी आणि फुटत मात्र नाही. या गोष्टीचा मला केवढा तोरा होता!

नांदेडच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर मी कितीतरी वर्षं धूळ खात पडले. मग एके दिवशी पांढरं धोतर नेसलेले, ताठ कण्याचे एक आजोबा आले. त्यांचं नाव लिंबाजी. रेल्वेत तीस वर्षं नोकरी करून ते जळकोटला आपल्या घरी येऊन राहिले होते.

"फुटती का ही?" त्यांनी विचारलं.

दुकानदारानं मला फळीवरून काढलं. त्यानं मला सरळ फरशीवर टाकलं. टण्ण! मी दोन उड्या मारून उभी राहिले. लिंबाजी मनापासून हसले आणि त्यांनी मला पिशवीत घातलं.

जळकोटच्या घरात माणसं मोजकीच होती. लिंबाजींचा मुलगा फौजेत, दूर सरहद्दीवर. सून सिंधु एसटीत कंडक्टर. आणि सात महिन्यांची नात यशोधरा, म्हणजे घरादाराची यशी. सिंधुची रजा संपली होती. पहाटे यशीला अंगावर पाजून ती गाडीवर जायची ती दिवस कलताना परत यायची. मधला सगळा दिवस आजोबा आणि नात. आणि मी.

तो दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. पावसानं दोन-तीन वर्षं पाठ फिरवली होती. विहिरी आटल्या, बोअर फुसफुसून गप्प झाले. लातूर शहराला तर रेल्वेनं पाणी येत होतं. "आमच्या रेल्वेनं!" असं लिंबाजी छाती काढून सांगायचे. जळकोटच्या आमच्या गल्लीत दर चौथ्या दिवशी टँकर यायचा.

अशा दिवसांतही माझी बडदास्त काही औरच होती. कुणीतरी लिंबाजींना सांगितलं होतं, की बाळाची बाटली उकळून घ्यावी. झालं! मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते मला दिवसातून तीन वेळा वीस-वीस मिनिटं पातेल्यात उकळायचे. त्यासाठी स्वतः तांब्याभर पाण्यात अंग पुसून घ्यायचे, पण माझं पातेलं भरलेलं असायचं. उरलेलं पाणी शेजारच्या शांतम्माच्या शेळीला जायचं. मग डब्याच्या दुधाची पावडर माझ्यात घालून वरून कढत पाणी ओतायचे आणि मला गदागदा हलवायचे. दूध कोमट झालं की यशी दोन्ही हातांनी मला धरायची आणि चुकूचुकू प्यायची. मला वाटायचं, जगात माझ्यासारखी भाग्यवान मीच.

पण मित्रांनो, उकळून उकळून माझं अंग धुरकटू लागलं. ब्रशानं आतून बारीक चरे पडले. मला कळायचं, की कढत पाणी आत आलं की माझ्यातून काहीतरी सुटतंय आणि दुधात मिसळतंय. ते दिसत नव्हतं. त्याला वास नव्हता, चव नव्हती.

लसीकरणाचं बघायला दवाखान्यातल्या पंचशीला सिस्टर घरी आल्या, तो दिवस मला लख्ख आठवतो. मी तेव्हा पातेल्यात उड्या मारत होते.

"जयभीम काका. काय शिजवायलात?"

"जयभीम सिस्टर. बाटली उकळायलोय. दिवसातून तीनदा! एक टाइम चुकवत न्हाई."

कौतुक होईल म्हणून लिंबाजींनी मला चिमट्यानं उचलून पुढे धरलं. सिस्टरांनी मला फडक्यात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि उलटं केलं. माझ्या तळाला एक त्रिकोण आहे आणि त्यात प्लॅस्टिकची जात सांगणारा सातचा आकडा. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"काका, ही कवा घेतली?"

"दोन महिने झाले. का वं?"

"ह्या कडक प्लॅस्टिकात बिस्फेनॉल नावाचं रसायन असतंय. सातचा आकडा असलेल्या सगळ्याच प्लॅस्टिकात असतंय असं न्हाई. पर ही बाटली जुन्या मालातली दिसती, आन् ते न्हाई असं हिच्यावर कुठं लिहिलेलं न्हाई. बाळाच्या बाटलीत असलं प्लॅस्टिक वापरायला आता बंदी आली हाय."

"पर मी तर उकळून..."

"तेच तर काका. जितकी गरम, जितकी जुनी, जितकी घासलेली, तितकं ते जास्ती सुटतंय. आपल्या शरीरात वाढीचे, वयात यायचे निरोप पोचवणारी संप्रेरकं असतात. हे रसायन त्यांच्यासारखं सोंग घेतंय. शरीर फसतंय. मोठ्यापरीस वाढत्या लेकराला त्याचा धोका जास्ती, असं शास्त्रज्ञ सांगतात."

लिंबाजींनी चिमटा खाली ठेवला. ज्या हातांनी त्यांनी मला इतक्या मायेनं उकळलं होतं, त्या हातांकडे ते बघत राहिले. "म्हंजी मीच पाजलं? घड्याळ लावून पाजलं?"

मित्रांनो, त्या क्षणी माझा सगळा तोरा गळून पडला. फुटता आलं असतं तर मी फुटले असते.

"घाबरू नका," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "यशी ठणठणीत हाय. वजन चांगलं भरलंय. पोटात गेलेलं हे रसायन शरीर एक-दोन दिवसांत बाहेर टाकतंय. रोज रोज जात राहणं थांबवायचं, बस. आजपासून स्टीलची वाटी आन् चमचा, न्हाईतर लहान ग्लास. तसंही लेकराला कुठलीच बाटली नसलेली बरी. धुवायचं पाणीसुदिक वाचंल."

दिवस कलला. सिंधुनं तिकिटांची पेटी खाली ठेवायच्या आत लिंबाजींनी तिला सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही, मान मात्र वर केली नाही. "सिंधु, माझ्या हातानं झालं बघ."

सिंधु पुढे झाली. तिनं यशीला छातीशी धरलं. मग सासऱ्याजवळ येऊन बसली. "मामा, तुमी हाव म्हणून मी गाडीवर जाते. आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं, तर कळावं कसं? आता कळलंय. उद्यापासून वाटी."

उद्यापासून वाटी! म्हणायला सोपं. यशीनं पहिल्या दिवशी चमच्याला थप्पड मारली. दुसऱ्या दिवशी वाटीतलं दूध आजोबांच्या मिशांवर उडवलं. आई सकाळ-संध्याकाळ पाजत होती म्हणून काळजी नव्हती, पण भर दुपारी यशी भुकेनं असा टाहो फोडायची की शांतम्मा भिंतीपलीकडून ओरडायची, "अय्यो लिंबाजी, द्या की तिला तिची बाटली! एका दिवसानं काय हुतंय?" लिंबाजी फळीवरून मला खाली काढायचे, हातात धरून उभे राहायचे आणि परत ठेवायचे.

तिसऱ्या दिवशी टँकरची पाळी होती. यशीला कडेवर घेऊन, घागर आणि झाकणाच्या स्टीलच्या ग्लासात दूध घेऊन लिंबाजी रांगेत उभे राहिले. अगदीच नाही जमलं तर असू द्यावी, म्हणून मलाही पिशवीत घेतलं होतं. ऊन मी मी म्हणत होतं. टँकरचा पत्ता नव्हता. पुढे गल्लीतला मल्लिकार्जुन आणि आणखी दोघे वाद घालत होते, की उदगीर नवा जिल्हा झाला तर आपल्याकडे पाणी लवकर येईल की नाही. यशीचं रडणं टिपेला पोचलं.

"जिल्हा मागून करा रे," शांतम्मा म्हणाली, "आधी या लेकराला गप करा!"

लिंबाजींचा हात पिशवीत आला. त्यांची बोटं माझ्या गळ्याभोवती मिटली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून वाटलं, की मला उचलू नका.

तेवढ्यात टँकर आला. एकच गलका झाला. घागरी घागरींवर आपटल्या, नळी सुटली आणि पाण्याची जाड धार पिंपात धबधबा कोसळली. यशी एकदम गप्प झाली आणि डोळे मोठे करून बघू लागली. शांतम्मानं हातातला ग्लास धारेखाली धरला आणि तिथंच गटागटा प्यायली. पाणी तिच्या हनुवटीवरून, गळ्यावरून ओघळलं. यशीनं तिच्या ग्लासाकडे हात लांबवला. "आं! आं!"

लिंबाजींची बोटं माझ्यावरून सुटली. त्यांनी झटकन झाकण काढलं आणि दुधाचा ग्लास तिच्या ओठांना लावला. तिनं त्याची कड दोन दातांत धरली. थोडं दूध आत, थोडं झबल्यावर. मग आणखी थोडं आत. मग आणखी.

"पेली!" लिंबाजी ओरडले. "अवो, पेली की वं माजी यशी!"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी रिकाम्या कळशीवर ताल धरला. टँकरवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. एरवी घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बायांनी लिंबाजींना पुढे ढकललं, "आधी आजोबाची घागर भरा." यशी पांढऱ्या मिशा घेऊन खिदळत होती, आणि मला मात्र सगळे पार विसरून गेले होते. पिशवीच्या अंधारात मी इतकी सुखी कधीच नव्हते.

पुढे लिंबाजी मला कचऱ्यासोबत जाळायला निघाले होते. पंचशीला सिस्टरांनी अडवलं. "जाळू नका, तो धूर छातीत जातो. मला द्या. मला कामाची हाय."

तेव्हापासून मी त्यांच्या पिशवीत असते. लसीकरणाच्या दिवशी त्या मला आयांच्या हाती देतात, चरे आणि तळाचा आकडा दाखवतात. मधून मधून लिंबाजीही येतात. गेल्या खेपेला देवणीच्या लसीकरणाला आले होते. एक तरुण आई आपली बाटली पदराखाली लपवून रडवेली झाली होती. लिंबाजी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पोरी, मी तर घड्याळ लावून उकळत व्हतो. तू निदान तेवढी दीडशहाणी न्हाईस." ती हसली आणि तिनं आपली बाटली बाहेर काढली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्या नात्यातलं कुणी असेल. डबा असेल, पाण्याची बाटली असेल. आमच्यावर रागावू नका. आम्हाला जसं घडवलं, तसे आम्ही झालो. पण आमच्यात कढत आमटी ओतू नका, दूध ओतू नका. आम्हाला तळपत्या उन्हात ठेवू नका. चरे पडले, धुरकट झालो, तर खाण्यापिण्याच्या कामातून सुट्टी द्या. आणि घरात तान्हं बाळ असेल, तर त्याच्यासाठी वाटी घासून ठेवा. पहिले दोन-तीन दिवस ते रडेल, दूध अंगावर उडवेल. त्या दोन-तीन दिवसांत धीर सोडू नका, एवढंच माझं मागणं आहे.