बांधलेला फ्लॅट

"आलं! रक्त आलं!"

पॅसेजमधल्या गर्दीतून कुणीतरी किंचाळलं आणि मागच्यांनी टाचा उंचावल्या. निम्मी सोसायटी त्या अरुंद पॅसेजमध्ये कोंबलेली होती, उरलेली जिन्यावर. सगळ्यांचे मोबाइल वर. सकाळपासून वास्तुगुरू हातात फवाऱ्याची बाटली घेऊन इमारतभर हिंडत होते. भिंतीवर फवारा मारायचे, डोळे मिटायचे, "इथे शुद्ध," म्हणायचे आणि पुढे सरकायचे. पाणी बिनरंगी, भिंत जशीच्या तशी. आणि आता शिकवण्या घेणाऱ्या बाईंच्या दाराशेजारी तेच पाणी पडलं मात्र, भिंतीवर भडक डाग फुलला आणि त्याचे लालगुलाबी ओघळ फरशीपर्यंत आले.

बाई दारात उभ्या होत्या. सासूबाईंना अंघोळ घालता घालता आरडाओरडा ऐकून त्या तशाच बाहेर आल्या होत्या, हाताला अजून साबण. गर्दीतला एकेक चेहरा भिंतीवरून आपल्याकडे वळतोय, हे त्यांना दिसलं. कालपर्यंत याच चेहऱ्यांनी त्यांच्याकडून मुलांचे अभ्यास करून घेतले होते.

वास्तुगुरूंना बोलावलं होतं चेअरमनसाहेबांनी. त्यालाही निमित्त होतं. वरच्या मजल्यांवर छतं गळत होती, लिफ्ट मध्येच अडकत होती, आणि एक वयस्क गृहस्थ जिन्यावरून पडून खुबा मोडून बसले होते. सोसायटीच्या ग्रुपवर आधी प्लंबरला शिव्या पडल्या, मग ठेकेदाराला, मग एकमेकांना. शेवटी कुणीतरी वास्तुगुरूंचा व्हिडिओ टाकला आणि सगळे गप्प झाले.

"तुमचा प्लंबर पाण्याची गळती शोधतो," गुरू आता सांगत होते. आवाज मऊ, बोटांत अंगठ्या. "मी कर्माची गळती शोधतो. पाणी वरून खाली येतं. दोष खालून वर जातो! विज्ञानात याला क्वांटम ओल म्हणतात."

विज्ञानात असलं काही नाही, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी शाळेत कित्येक वर्षं विज्ञान शिकवलं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नोकरी सोडली. पण अख्खी इमारत तुमच्या दारातल्या रक्ताकडे बघत असते, तेव्हा ठाऊक असलेलंही तोंडाशी येत नाही. धुपाच्या धुराने डोळे चुरचुरत होते.

गुरूंनी दुसरी बाटली काढली. "हे शांतिजल." फवारा बसला आणि रंग डोळ्यांदेखत मावळला. टाळ्यांचा कडकडाट झाला. चेअरमनसाहेबांनी तर डोळे पुसले.

दुपारी ग्रुपवर फोटो आला: "परत आलं!!!" खाली हात जोडलेल्यांची रांग. भिंत पुन्हा लाल झाली होती.

गुरू लगबगीने परत आले. क्षणभर तेही गोंधळल्यासारखे दिसले, पण लगेच सावरले. "दोष हट्टी आहे. याला बांधावं लागेल." त्यांनी दाराच्या एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत छातीच्या उंचीवर पांढरा दोरा बांधला. "घरातल्या कर्त्या बाईने हा ओलांडायचा नाही. मी सोडेपर्यंत. ओलांडला, तर दोष सुटून वर सरकेल." मग वर बघत सहज विचारल्यासारखं विचारलं, "यांच्या डोक्यावर कोण राहतं?"

"आम्ही," चेअरमनसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बसला. "आमची सून... दिवस भरत आलेत तिचे."

संपलं. आता त्या दोऱ्याला कुलपाची गरज नव्हती.

त्या दिवसापासून बाईंचं जग दाराशी येऊन थांबलं. औषधं, भाजी, दूध वॉचमन आणून द्यायचा. पिशवी हात लांब करून दोऱ्याखालून सरकवायचा आणि मागे न बघता जायचा. शिकायला मुलं येणं बंद झालं. खिडकीतून खाली बघितलं की बाकावरच्या बायका बोलायच्या थांबत. ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी विचारायचं, "दोरा शाबूत आहे ना?" आणि कुणीतरी फोटो काढून टाकायचं. स्वतःच्या दाराचा फोटो बाई रोज बघायच्या, आतून.

नवरा नोकरीसाठी परगावी होता. फोनवर म्हणाला, "आपल्याला त्याच लोकांत राहायचंय. कशाला वाद वाढवतेस? बस थोडे दिवस घरात."

सासूबाईही पलंगावरून तेच म्हणाल्या, वाईट हेतूने नाही, अगदी समजुतीने. "एवढं काय लावून घेतेस गं? एरवी तरी कुठे जातेस?"

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. खरंच, कुठे जात होत्या त्या? दोरा काय, आत्ता दिसला एवढंच.

त्याच संध्याकाळी चेअरमनची सून जिना उतरून आली. पोटावर हात, पाय सुजलेले. दोऱ्यापलीकडे उभी राहून म्हणाली, "बाई, मला हे पटत नाही. खरंच नाही पटत. पण भीती वाटते हो. तुम्ही नाही ना तोडणार? माझ्यासाठी?"

"नाही तोडणार," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या? उद्या त्या पोरीला साधी शिंक आली तरी ती त्यांच्या माथी बसणार होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, निदान डाग तरी पुसू. दोऱ्याच्या आत उभं राहून हात बाहेर काढला की भिंत पोचत होती. त्यांनी पांढरं फडकं ओलं करून घासलं. फडक्याला फिकट गुलाबी छटा आली. नाकाशी नेलं तर वास रक्ताचा नव्हता. फवारा मारला तेव्हा इंजेक्शनआधी दंडाला चोळतात त्या स्पिरिटचा पुसट वास आला होता, ते त्यांना आठवलं. धुपात तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. त्यांनी फडकं कपडे भिजवलेल्या बादलीत टाकलं.

बादलीतलं साबणाचं पाणी गुलाबी झालं. फडक्यावरच्या छटेपेक्षा कितीतरी पट गडद.

बाई बादलीकडे बघतच राहिल्या. मग कपाटातून व्हिनेगर आणलं आणि ओतलं. रंग गेला. धुण्याचा सोडा टाकला. रंग आला.

"अगं बाई!" त्या मोठ्याने म्हणाल्या आणि बादलीशेजारी खालीच बसल्या. हा प्रयोग त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं वर्गात केला होता. फिनॉल्फथॅलीन! सोडा, चुना, साबण असं काही खारं भेटलं की लाल, आंबट भेटलं की बिनरंगी. हे रक्त त्यांनी पोरांना काचेच्या नळीत दाखवलं होतं, आणि पोरं घाबरायची नाहीत, हसायची.

पण मग आपलीच भिंत का? त्यांनी डोकं बाहेर काढून पाहिलं. पॅसेजभर जुना रंग दिलेल्या भिंती. फक्त त्यांच्या दाराशेजारी राखाडी चौकोन. न्हाणीघराची ओल बाहेर येत होती म्हणून त्यांनी नुकतंच तिथलं प्लास्टर नवं करून घेतलं होतं. सिमेंट ताजं असतं तेव्हा ते खारं असतं. आणि शांतिजल म्हणजे लिंबाचं नाहीतर तसलंच आंबट पाणी; त्याने रंग गेला तो वरवरचा. आतून ओलीबरोबर खार पुन्हा वर आला. हट्टी दोष!

सगळ्या इमारतीत गळतीवर स्वतःहून इलाज केलेलं ते एकच घर होतं. आणि बांधलं होतं तेच.

रागाने त्या तरातरा उठल्या. पण पाय दाराशी जाऊन थांबलेच. शब्द दिला होता.

त्यांनी शाळेतल्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. ती संध्याकाळी प्रयोगशाळेतली छोटी बाटली घेऊन आली, दोऱ्याखालून वाकून आत शिरली आणि म्हणाली, "मी जाते-येते ते चालतं, तू गेलीस की दोष. हुशार आहे दोष."

बाईंनी वर निरोप पाठवला. सून आली.

"मी काही सांगत नाही," बाई म्हणाल्या. "तूच कर. हे थेंब पलीकडच्या भिंतीवर टाक."

तिने टाकले. काही नाही.

"आता माझ्या भिंतीवर."

लाल. सून दचकून मागे सरली.

"आता या पेल्यात. यात नुसतं साबणाचं पाणी आहे."

पेला लाल झाला. सुनेने तो उजेडात धरला, व्हिनेगर घातलं, पुन्हा साबण घातला, पुन्हा व्हिनेगर. चार वेळा तरी केलं. भीती कधी गेली ते तिचं तिलाही कळलं नसावं. मग तिने पेला खाली ठेवला.

"आठवडाभर तुम्हाला कोंडून घातलं आम्ही."

"तू नाही गं."

"मीच. बाकीच्यांनी दोरा बांधला, शब्द मी घेतला." तिने दोन्ही हातांनी दोरा धरला आणि ओढला. पहिल्या झटक्यात तुटेना. दुसऱ्यांदा तिने दात आवळून ओढला. "चला. खाली तो गुरू आलाय. सभा भरलीय."

बाईंनी पाऊल बाहेर टाकताना दाराची चौकट धरलीच. सगळं कळत असूनही धरली. अक्कल येते त्या दाराने भीती लगेच जात नाही.

खाली आवारात गुरूंसाठी समितीने खास चौथरा बांधला होता. त्यावर ते मांडी घालून बसले होते. बाईंना बघून खुर्च्या करकरल्या. "दोरा तोडला!" कुणीतरी ओरडलं.

"मी तोडला, बाबा," सून सासऱ्यांना म्हणाली.

गुरू उठून उभे राहिले. "अनर्थ! आता मी जबाबदार नाही!"

"नका होऊ," बाई म्हणाल्या. आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तसा पोचत होता. "फक्त तुमचं ते पहिल्या बाटलीतलं तीर्थ तुमच्या या चौथऱ्यावर मारून दाखवा."

"तीर्थ असं कुठेही मारायचं नसतं."

"माझ्या दारात मारलंत की."

"ते... संपलंय."

"माझ्याकडे आहे." आधी त्यांनी कुंपणाच्या जुन्या भिंतीवर थेंब टाकले. काही झालं नाही. मग चौथऱ्यावर ओतले. कालपरवाचं ताजं सिमेंट. गुरूंच्या पायाशी लालभडक थारोळं पसरलं.

"अरेच्चा! गुरूंच्या बुडाखालीच दोष!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा उसळला. गुरू शांतिजलाची बाटली पिशवीत कोंबत चौथऱ्यावरून उतरले. फाटकाबाहेर गाडी चालू झालेली सगळ्यांनी ऐकली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं समजावून सांगितलं; फिनॉल्फथॅलीन, सिमेंट, लिंबू. मग म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले आहात. मी तुम्हाला रसायनं ओळखायला सांगत नाही. एक प्रश्न तर विचारता आला असता: ही भिंत आणि बाकीच्या भिंती, यांत फरक काय? विचारला असतात तर माझं ताजं प्लास्टर दिसलं असतं. तुम्ही कारण शोधत नव्हता. माणूस शोधत होता."

चेअरमनसाहेब म्हणाले, "झालं गेलं विसरून जाऊ."

"तुम्ही विसराल," बाई म्हणाल्या. "ग्रुपवर मात्र आज लिहायचं. काय झालं ते, आणि चूक कुणाची ते."

चेअरमनसाहेबांनी लिहिलं. तीन ओळी लिहिल्या, पण लिहिल्या. नंतर गच्चीवर चढलेल्या प्लंबरला पाण्याच्या टाकीखाली भेग सापडली आणि लिफ्टवाल्याने झिजलेली पट्टी बदलली. गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं.

पण पुढच्या आठवड्यात सुनेचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी ताबडतोब दाखल व्हायला सांगितलं. सून बाईंना सांगायला त्यांच्या मजल्यावर उतरली; तिथे लिफ्टपाशी शेजारणी जमल्या आणि तीच कुजबुज सुरू झाली. "दोरा तोडला ना..." बाई तिची बॅग धरून उभ्या होत्या. ते ऐकून त्या आपल्या दाराकडे एक पाऊल मागे सरल्या. आपण परत दोऱ्याआड गेलो, असं त्यांना वाटलं.

सून वळली. चेहरा सुजलेला, धाप लागलेली.

"रक्तदाब मला पाचव्या महिन्यापासून आहे, काकू. गोळ्या चालू आहेत. तेव्हा दोराही नव्हता आणि बाईंचं प्लास्टरही नव्हतं. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर डॉक्टरांना विचारा, औषधाला विचारा. यांच्या दारात जायचं नाही." मग सासऱ्यांकडे बघून, "बाबा, तुम्हीपण."

चेअरमनसाहेबांनी मान खाली घातली आणि बाईंच्या हातातली बॅग घेतली.

चमत्कार उघडा पाडायला एक छोटी बाटली पुरते. अवघड असतं ते पुढचं. खरोखर संकट येतं, भीती वाटते, आणि जवळ एखादं सोयीचं दार दिसतं, तेव्हाही कारण विचारायचं असतं. ते प्रत्येकाला करता येतं आणि ते प्रत्येकाने करावं, कारण ज्याच्या दाराला दोरा बांधला जातो, त्याला तो एकट्याने तोडता येत नाही.

"बाई, तुम्ही चला ना बरोबर," सून म्हणाली.

बाईंनी सासूबाईंना सांगून आपल्या घराचं दार ओढून घेतलं आणि लिफ्टमध्ये तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.