ग्रहणासाठी कापलेली फिल्म

मी एक जुनी दिव्याची पेटी आहे, मित्रांनो. पुढे दुधी काच, आत दोन ट्यूबलाइट. सांगलीच्या डॉक्टर प्रियदर्शनीबाई माझ्या काचेवर फिल्म लावून माणसांच्या आतले फोटो बघत. आता माळ्यावर धूळ खाते, पण माझं तोंड काही गप्प बसत नाही!

१९९५ ची दिवाळी नुकतीच सरली होती. आटपाडीकडचे मेंढपाळ जोतीराम बायकोला, हरणाबाईला, घेऊन आले. थायरॉइडच्या आजाराने तिचे डोळे खोबणीतून पुढे आले होते.

"बाई, नात मला बघून किंचाळती. मांडीवर येत न्हाई," एवढं बोलून ती रडू लागली. मला फार वाईट वाटलं.

बाईंनी तिचा एमआरआय आधीच पुण्याहून काढून आणायला सांगितला होता. डोळ्यामागचे स्नायू त्यात पांढरे दिसले तर सूज ताजी, औषधाने उतरणार. काळे दिसले तर आत सगळं घट्ट झालेलं, तिथे औषध फारसं चालत नाही.

जोतीरामांनी गुंडाळी उलगडली आणि मी हबकलेच. फिल्मची एक बाजूच गायब!

"आबा, हे काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"गिराण लागलं हुतं न्हवं? समद्या वाडीला सूर्य बघायचा हुता, म्हून कापून तुकडं वाटलं. आमाला काय ठावं, त्यातच डोळा हाय!"

दुसरं कुणी खेकसलं असतं. बाईंनी आधी जोतीरामांचेच डोळे तपासले. "अशा फिल्ममधून सूर्य बघितला तर नजर जाते, आबा. थोडक्यात वाचलात. वाडीतल्या सगळ्यांना तपासायला घेऊन या."

मग उरलेली फिल्म माझ्यावर चढली. मी जीव तोडून उजळले. उजव्या डोळ्याचे स्नायू पांढरेशुभ्र!

"उजवा ओसरेल," बाई म्हणाल्या. "डाव्याचं चित्रच राहिलं नाही. खोटा धीर देणार नाही मी."

जोतीरामांची मान खाली गेली. "पुन्यांदा काढू. मेंढरं इकतो."

"आवं, मेंढरं ऱ्हाऊ द्या," हरणाबाई म्हणाली. "औषध तर दोनी डोळ्यांस्नी एकच हाय. एक बरा झाला तरी लय झालं."

तीन महिन्यांनी ती आली, सोबत सून आणि दोन वर्षांची नात स्वप्नाली. उजवा डोळा खरंच ओसरला होता. डावा मात्र जवळजवळ तसाच. पोर आईला चिकटून बघत राहिली. मग हळूच पुढे आली, इवल्या तळव्याने आजीचा डावा डोळा झाकला आणि म्हणाली, "आजी!" तळवा काढला. दोन्ही डोळ्यांकडे बघितलं. परत म्हणाली, "आजी!" आणि मांडीवर चढली.

मित्रांनो, आजाराने कुणाचा चेहरा बदलला तर पळू नका. जरा जवळ जाऊन बघा. आपलंच माणूस असतं ते.