पाचवी चाकोरी

“यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” आमोस थ्वेटनं सुरुवात केली, “आणि ज्याचा बसेल, त्यानं सोमवारी डॉक्टरकडे जाऊन डोकं दाखवून घ्यावं.”

पबात हशा पिकला. केल्डर्बी गावात आमोसच्या थापा हा एक खेळच होता. थाप मोठ्यानं पकडायची, ग्लास टेबलावर आपटायचा, की आमोसनं पकडणाऱ्याला बिअर पाजायची. वॉल्टर खाटकानं आजवर अशी पिंपभर तरी बिअर फुकट ढोसली असेल. एक गोष्ट मात्र वॉल्टरला कधी कळली नाही. बारक्या थापा आमोस मुद्दाम पेरत असे. लोक त्या वेचण्यात गुंतले, की मोठी थाप त्यांच्या नाकाखालून अलगद निघून जायची.

पण आज आमोसचं लक्ष खेळात नव्हतं, कारण समोर रॉबी बसला होता आणि रॉबीच्या शेजारी त्याची आई, आयव्ही. आमोस भुताची गोष्ट काढणार म्हटलं की आयव्ही गेली एकोणीस वर्षं उठून घरी जायची. आज ती शँडीचा, म्हणजे लिंबूपाणी घातलेल्या बिअरचा, ग्लास दोन्ही हातांत धरून बसून राहिली होती.

टेबलावर एक पोलादी तळवा पडलेला होता. डाव्या बुटाखाली पट्ट्यानं बांधायचा. स्पीडवेची, म्हणजे गोल मैदानातल्या शर्यतीची मोटरसायकल कायम डावीकडेच वळते, आणि वळताना स्वार डावा पाय जमिनीवर घासत नेतो. हा तळवा रॉबीच्या बापाचा, क्लेम हार्ग्रीव्हचा. क्लेम गेला त्या दिवशी आमोसनं तो मैदानातून उचलला आणि घरी नेऊन ठेवला. मधली कित्येक वर्षं मैदानाला कुलूप होतं. या वसंतात ते पुन्हा उघडत होतं, दुसऱ्या फळीचे सामने पुन्हा सुरू होणार होते, आणि उद्या सकाळी रॉबीची चाचणी होती. त्याला बापाचं पोलाद हवं होतं.

आयव्हीनं मघाशी आमोसला मागच्या अंगणात, रिकाम्या पिंपांपाशी गाठलं होतं.

“त्याला नाही म्हणू नकोस,” ती म्हणाली होती. “नाही म्हटलं की हटून बसतो, अगदी बापासारखा. त्याला भेव घाल. ती तुझी पाचव्या चाकोरीची गोष्ट सांग.”

“तुझ्यासमोर?”

“माझ्यासमोर. त्यानं गाडीला हात लावता कामा नये, आमोस. बास. मला दुसरं काही नको.”

आणि आत आल्यावर रॉबीनं स्वच्छ सांगून टाकलं होतं, “गोष्ट ऐकतो, काका. पण पोलाद घेतल्याशिवाय उठायचा नाही.” एवढं बोलून त्यानं तळवा ओढला आणि तो बुटाला बांधून बघायला लागला.

“तर एकोणपन्नास साल,” आमोस म्हणाला. “युद्ध संपलेलं, पण लोणी अजून रेशनवर. माणसाला करमणूक म्हणून दुसरं काय? शनिवारी अख्खं गाव मैदानावर. चाळीस हजार लोक!”

धाडकन ग्लास आपटला. “चाळीस हजार?” वॉल्टर ओरडला. “गावातली कुत्री, कोंबड्या आणि कबरस्तानातली मंडळी धरलीस तरी पंधरा हजार भरायची नाहीत!”

“पाजा याला,” आमोस म्हणाला. “पंधरा तर पंधरा. चार स्वार, चार फेऱ्या. गाडीला एकच गिअर, ब्रेक नाही, आणि पेट्रोलऐवजी स्पिरिट. मैदानात गॅस कारखान्यातल्या जळक्या कोळशाची भरड. माझं काम दाताळ्याचं. एक शर्यत संपली की पुढची सुरू व्हायच्या आत चाकोऱ्या पुसायच्या, बाहेर उडालेली भरड आत ओढायची. तिसऱ्या वळणावर मी. कोण कुठून गेला, कुणाची वेगाची मूठ कुठं ढिली पडली, सगळं भरडीत उमटायचं. मी ते वाचायचो आणि पुसायचो.”

“वाचायचास?” वॉल्टर म्हणाला. “तुला तर साधी दारावरची पाटी वाचता येत नाही!”

“म्हणून तर तुझ्या दुकानात येतो.”

पुन्हा हशा. रॉबीही हसला. त्याचा बाप असाच हसायचा, आधी एक खांदा उडवून. आमोसनं नजर दुसरीकडे वळवली.

“आपल्या संघात एक जोडी होती. क्लेम आणि नेव्ह कॉरिगन. नेव्ह ऑस्ट्रेलियाचा, जहाजातून आला तो थंडीला शिव्या देतच उतरला. क्लेम आतून चालवायचा, नेव्ह बाहेरून, कुंपण चाटत. क्लेम कधी उजवीकडे बघायचाच नाही. नेव्ह तिथं आहे हे त्याला ठाऊक असायचं. नेव्हपुरती जागा सोडून तो वळायचा, बरोबर एका गाडीची. त्या दोघांच्या मधून कुणाला साधं वर्तमानपत्र सरकवता आलं नसतं.

“जूनमध्ये नेव्ह तिसऱ्या वळणावर कुंपण फोडून गेला. माझ्यापासून त्या दारापर्यंत, एवढ्यावर. त्याला पुरला, टोप्या काढल्या, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा सामना. क्लेमच्या जोडीला दुसरा पोरगा दिला. आणि क्लेम वळला तो कसा? बाहेर एका गाडीची जागा सोडून. त्या जागेतून पाहुण्यांचा स्वार सुळकन पुढं. दुसऱ्या शनिवारी तेच, तिसऱ्या शनिवारी तेच. मॅनेजर बोंबलतोय, लोक बोंबलतायत, ‘क्लेम, दार लाव! दार लाव!’ क्लेम काही लावीना.”

“हे खरं आहे,” वॉल्टर हळूच म्हणाला. “मी पण बोंबललो होतो.”

“ऑगस्टमध्ये एकदा शर्यत संपली आणि मी दाताळं घेऊन आत गेलो. मोजल्या तर चाकोऱ्या पाच. स्वार चार, चाकोऱ्या पाच. पाचवी अगदी बाहेर, कुंपणाच्या कडेला, आणि तिच्या डाव्या अंगाला पोलादाचा ओरखडा. मी पुसली. पुढच्या शर्यतीनंतर पुन्हा तिथंच. मॅनेजरला दाखवायला नेला, तो म्हणाला, ‘थ्वेट, तोंडाचा वास दे.’”

या वेळी कुणी हसलं नाही. बाहेर रस्त्यावर पोरं चेंडू खेळत होती आणि तिरकं ऊन टेबलावर आलं होतं. तरी वॉल्टरनं कोटाची गुंडी लावली.

“बाबांना सांगितलंत?” रॉबीनं विचारलं.

“तुझ्या बापानं आपणच येऊन विचारलं. म्हणाला, ‘आमोस, तो अजून बाहेरूनच जातो का?’ मी काय बोलणार? मान हलवली. त्याला बरं वाटलं, रॉबी. तहान लागलेल्याला पाणी मिळावं, तसं.”

आयव्हीनं मान खाली घातली. आमोसच्या मनात आलं, आता इथंच थांबावं. पण पोरगा पुढं झुकून बसला होता. भ्यायचं नाव नाही, उलट त्याच्या डोळ्यांत चमक आली होती. भुतानं त्याला पळवलं नव्हतं, जवळ ओढलं होतं. आयव्हीनं टेबलाखालून आमोसच्या नडगीवर पाय मारला: पुढं.

“शेवटचा सामना मार्लपूलशी. जिंकलो तर आपण दुसऱ्या फळीत पहिले. गुण बरोबरीत आणि एकच शर्यत उरलेली. तिसऱ्या फेरीपर्यंत क्लेम पुढं. लोक इतके गप्प, की मला इंजिनं मोजता येत होती. चार स्वार, आणि आवाज…” त्यानं वॉल्टरकडे पाहिलं. ग्लास आपटायची हीच वेळ होती. वॉल्टरनं ग्लासावर नुसता हात ठेवला.

“पाच,” आमोस म्हणाला. “चौथ्या फेरीला, तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी, क्लेमनं पहिल्यांदा उजवीकडे बघितलं. आणि आतली वाट सोडून तो बाहेर गेला. कुंपणाच्या कडेला. त्या चाकोरीत.”

पुढचं आमोसला झोपेतसुद्धा दिसायचं. गॉगलखालचं क्लेमचं तोंड. तो हसत होता, आधी एक खांदा उडवून. चुकलेला मित्र गर्दीत सापडावा, तसा. मैदानापलीकडं घर होतं, घरात दोन वर्षांचं पोर होतं, स्टँडवर बायको होती, आणि हा माणूस हसत दुसरीकडेच निघाला होता. मूठ शेवटपर्यंत पिळलेली.

हेच सांगायचं, म्हणजे पोरगा भिईल, असं आमोसनं ठरवलं होतं. पण त्यानं आयव्हीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिला गोष्ट नको होती. तिला एकच विचारायचं होतं, आणि एकोणीस वर्षांत ते तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

शेवटी निघालं. “त्यानं परत यायचं बघितलं का, आमोस?”

आमोसनं उत्तर शोधलं. इंजिन मंदावलं असं म्हणावं, तर तो आवाज पंधरा हजारांनी ऐकलेला, तिनंही ऐकलेला. शेवटपर्यंत पूर्ण. आमोसच्या जिभेनं आयुष्यभर थापांची चाकरी केली होती. आज तिला एकच थाप हवी होती, आणि हाताला लागली ती तिनं उचलली.

“बघितलं तर!” आमोस म्हणाला. “माझ्या या डोळ्यांदेखत. आयव्ही, त्यानं तुझ्या स्टँडकडे मान वळवली आणि करकचून ब्रेक दाबला. सगळा जोर लावून. आता भरडच ती, चाक घसरलं, त्याला तो काय करणार? पण दाबला. त्याला घरीच यायचं होतं.”

आयव्हीनं श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले आणि चेहरा असा सैल पडला, की आमोसला एकोणपन्नास सालची पोरगी दिसली. “ब्रेक दाबला,” ती स्वतःशीच म्हणाली.

वॉल्टर बिअरच्या फेसाकडे टक लावून बसला होता. मैदानावर वर्षानुवर्षं घालवलेली माणसं होती ती सगळी. एकाचाही ग्लास हलला नाही.

हलला तो रॉबी. तो वाकला, बुटाचा पट्टा सोडवला, बापाचं पोलाद टेबलावर ठेवलं आणि आमोसच्या पुढ्यात सरकवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“त्या गाडीला ब्रेक नसतो, काका.”