दुसरी किल्ली

मी एक कुलूप आहे. पितळेचं, सात लिव्हरचं, मुठीत मावेल एवढं. मला बढाई मारायची खोड आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण आज जे सांगायला बसलोय त्यात बढाई मारण्याजोगं काही नाही. मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, एवढंच.

ज्या कारागिराने मला घडवलं त्याने मला एकसारख्या दोन किल्ल्या करून दिल्या आणि आकडा घालून हिसके दिले. मी हललो नाही. तो खूश होऊन म्हणाला, "जा बेटा, कुणाला दाद देऊ नकोस." तिथून मी यंत्रांच्या सुट्या भागांच्या एका गोदामावर गेलो आणि वीस वर्षं तिथे इमानेइतबारे लटकलो.

तिथला स्टोअरकीपर हाच माझा मालक. माणूस सरळ, पण डोक्यात सगळं गोदामच. माल कमी पडला की आधी कुलूप लावायचं, मग शेवटचा हात कुणाचा लागला ते शोधायचं, ही त्याची पद्धत. आणि एक खास नियम: दुसरी किल्ली अशा माणसाकडे द्यायची, ज्याला त्या मालाची गोडीच नाही. वीस वर्षं हा नियम कधी चुकला नव्हता. पुढे गोदामाला बटणं दाबून उघडणारं दार आलं आणि मालकाने मला खिशात घालून घरी आणलं. मेणबत्त्या आणि संपलेले सेल यांच्या संगतीत मी खणात पडून, फटीतून घर बघत राहिलो.

घरात माणसं तीन. मालक, एका शाळेच्या कचेरीत काम करणारी त्याची बायको आणि त्यांची पंचविशीतली मुलगी. मुलगी सकाळच्या शाळेत व्यायामशिक्षिका. अंगाने बारीक म्हणून घरात तिला लाडाने 'काडी' म्हणत. पाहुणे आले की आई कौतुकाने सांगायची, "आमची काडी चिमणीएवढं खाते." पाहुणे वाहवा करत आणि स्वतःच्या पोटाकडे बघत हातातली बशी खाली ठेवत. बशी ठेवणाऱ्यांची मला गंमत वाटायची.

मग घरातलं खाणं नाहीसं होऊ लागलं. सकाळी आणलेला पाव संध्याकाळी नाही. बिस्किटांचे पुडे, जॅमची बाटली, साखर. मालकाच्या डोक्यातलं गोदाम जागं झालं. शेवटचा हात कुणाचा? स्वयंपाकाच्या मावशींचा. नऊ वर्षं त्या या घरात राबत होत्या.

"मावशी, उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाला.

मावशींनी पदराला हात पुसले. "साहेब, मी काही नेलं नाही. पण जाता जाता सांगते, पोरीच्या ताटाकडे जरा बघा."

"बघा, स्वतःवर आलं तर पोरीवर घसरतेय!" त्यांची पाठ वळल्यावर मालक बायकोला म्हणाला. काडी दारात उभी होती. ती खाली बघत राहिली.

त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कडी-कोयंडा ठोकला आणि मी पुन्हा कामावर रुजू झालो. छाती फुगली होती माझी. एक किल्ली मालकाच्या खिशात गेली. दुसरी कुणाला द्यायची? बायको हसून म्हणाली, "काडीलाच द्या की. हिला तर खा खा म्हणून मागे लागावं लागतं."

"मला नको, बाबा."

"का गं?"

"हरवेल माझ्याकडून."

"तुझ्याकडून? आजवर कधी रुमाल तरी हरवलायस का?" मालकाने किल्ली तिच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली. किती साधी मुलगी, असं मला वाटलं. माझ्यासारखा मूर्ख मीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीडला ती शाळेतून आली. घरात कुणी नव्हतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, परत गेली, पुन्हा आली. असं तीनदा झालं. मग तिने मला उघडलं.

पुढे जे पाहिलं ते आठवलं की आजही माझे लिव्हर थरथरतात. ती उभ्यानेच पावाचे तुकडे तोंडात कोंबत होती. आधीचा घास गिळायच्या आत पुढचा. जॅम बोटांनी, बिस्किटं मूठ मूठ, आणि ते संपल्यावर कोरडं पीठ साखरेत कालवून. खाणाऱ्याच्या तोंडावर चव दिसते हो! कामगार डबा खाताना मी वीस वर्षं पाहिलेत. हिच्या तोंडावर फक्त भीती होती, मागे कुणी लागल्यासारखी. खाता खाता ती रडत होती आणि तरी हात थांबत नव्हता.

मग ती न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ धो धो वाहत राहिला. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले. तिने फळी पुसली, पिशवी घेऊन पळत दुकानात गेली आणि तेच पुडे, तीच बाटली घेऊन आली. नव्या बाटलीतला जॅमसुद्धा काढून टाकून जुन्याएवढा केला. मला लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. संध्याकाळी ताटावर दोन घास खाऊन म्हणाली, "पोट भरलं." दुसऱ्या दिवशी सकाळपासून कडकडीत उपाशी, जणू शिक्षाच. आणि दुपारी दीडला पुन्हा माझ्यासमोर. "आज शेवटचं," ती मला म्हणायची. रोज म्हणायची.

एका सकाळी तिने किल्ली वडिलांपुढे ठेवली. "बाबा, ही परत घ्या ना."

मालकाने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. "अगं, तुझ्याइतकं विश्वासाचं दुसरं कोण आहे मला?"

तिने किल्ली उचलून पुन्हा मुठीत घेतली. गप्प राहून मी आयुष्यभर नाव कमावलं होतं. त्या सकाळी मला माझ्या गप्प राहण्याची लाज वाटली.

त्या दुपारी तिने किल्ली खिडकीतून खालच्या गटारात भिरकावली. मग जमिनीवर बसून मोकळं हसली. सुटली पोर, मला वाटलं. तासाभराने ती पकड आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली.

मी तुटलो नाही. तिने कोयंडाच लाकडासकट उपटला. तळहात फाटला, तरी ती थांबली नाही. पावाला रक्त लागलेलं मी खाली पडल्या पडल्या पाहिलं. आणि मग ती कोसळली, माझ्यापासून हातभर अंतरावर.

गोदामात वीज गेली म्हणून मालक त्या दिवशी लवकर आला. मी फरशीवर, कपाट सताड उघडं. "चोर!" तो ओरडला आणि छत्री उगारून आत धावला. मग त्याला ती दिसली. तोंडाला पीठ, छातीवर चुरा.

"बाबा... मीच."

तो छत्री टाकून तिच्याजवळ बसला. मग म्हणाला, "पण किल्ली तर तुझ्याकडे होती ना?"

"म्हणूनच तर, बाबा."

दवाखान्यात मी त्याच्या खिशात होतो. मला कधी उचललं हे त्यालाही ठाऊक नसावं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीरातले क्षार पार उतरलेत. अजून थोडं चाललं असतं तर हृदय बंद पडलं असतं."

मालकाने मला टेबलावर ठेवलं. "याच्याहून मजबूत कुलूप आणू का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. "अहो, ही चोरी नाही, हावरटपणाही नाही. आजार आहे. दिवसभर उपाशी राहायचं, मग तुटून पडायचं, मग ओकून टाकायचं, मग शरमेनं पुन्हा उपाशी. कुलपानं हा फास सैल होत नाही, आवळतो. औषधोपचार आम्ही करू. तुम्ही तिला वेळेवर जेवायला वाढा आणि समोर बसा. आणि ते 'काडी' म्हणणं बंद करा."

मला पुन्हा खिशात घालून मालक तिथून थेट मावशींच्या दारात गेला. हात जोडून माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "मला माहीत होतं, साहेब. कपडे धुवायच्या मशीनमागची रिकामी पाकिटं मीच टाकत होते."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. ताटाकडे बघा म्हटलं होतं."

मालक तिथेच पायरीवर बसून रडला. इतक्या वर्षांत त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं.

आता मी कपाटाशेजारच्या खिळ्याला लटकतो. कोयंडा नाही, दारावर स्क्रूची चार भोकं आहेत. मावशी परत आल्यात. सगळं छान झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. काही दिवस चांगले जातात. एखाद्या दिवशी पुन्हा नळ वाहतो, पण मग ती बाहेर येऊन स्वतःच सांगते, "मावशी, आज झालं." मावशी रागवत नाहीत. पुढच्या वेळचं जेवण पुन्हा वेळेवर वाढतात.

काल तिने मला खिळ्यावरून काढलं. "बाबा, याची किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

मालकाने खिसा घट्ट धरला. "कशाला गं?"

"उघडून ठेवा. बंद बघवत नाही."

त्याने किल्ली काढून मला उघडलं.

तुमच्या घरातलं खाणं कधी असं नाहीसं होऊ लागलं, तर माझ्या भाऊबंदांना आणायला बाजारात धावू नका, एवढी माझी विनंती आहे. आधी ताटांकडे बघा. मी आता उघडाच लटकतोय आणि माझ्याकडे एकच काम उरलंय. दुपारी दीड वाजला की मी कान देऊन ऐकतो, टेबलावर तिचं एकच ताट ठेवलं की समोर बसणाऱ्याचं दुसरंही.