रोडग्यांचं आमंत्रण

गोवऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन आमचे हे अंगणातून बाहेर निघाले, तेव्हा मी नळाशी वांगी धूत होते. सकाळीच तर त्याच गोवऱ्या त्यांनी यांच्या प्लांटमधल्या जोडीदाराच्या, फकिरा भाऊजींच्या, ठेल्यावरून आणून भिंतीशी रचल्या होत्या. आता परत ठेल्यावर? हे काय चाललंय, मी विचारलं. या माणसाला तोंड उघडायचा कंटाळा. लग्न झाल्यापासून मी त्यावरून भांडते आहे, उपयोग शून्य.

दुसरी पाटी भरताना म्हणाले, "उद्याचं जेवण कॅन्सल."

"कावून?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला.

जेवण कसलं, ते आधी सांगते. सेक्टर सहामधलं आमचं हे स्टील प्लांटचं क्वार्टर सोडायचं होतं. रिटायर झाल्यावर मिळालेली मुदत संपत आली होती. गुरुवारी ट्रक येणार आणि आम्ही नागपूरला मुलाकडे, अभिनवकडे, जाणार. सगळी उमर या स्ट्रीटवर गेली, पण यांनी कधी कुणाला जेवायला बोलावलं नाही की कुणाकडे जेवायला गेले नाहीत. बारसं असो की सत्यनारायण, यांची कधी सकाळची शिफ्ट, कधी रात्रीची. मी एकटीच जायची आणि "ड्यूटी आहे" म्हणून सांगायची. लोकांना वाटायचं, क्रेनवाले भैया घमंडी आहेत. घमंड कसला आलाय, चार माणसांत बसायचं म्हटलं की यांना घाम फुटतो.

असा माणूस मागच्या आठवड्यात चहा पिता पिता म्हणाला, "जायच्या आंधी सगळ्याइले एकदा जेवू घालू म्हणतो. गोवऱ्याइवर कणकीचे रोडगे भाजू. येतील का पण लोक?"

मी म्हटलं, न यायला काय झालं, तुम्ही बोलवा तर. मग यांनी अख्खी संध्याकाळ घालवून स्ट्रीटच्या ग्रुपवर एका बोटाने लिहिलं: "रविवार दोपहर हमारे आँगन में भोजन है। रोडगा और भाटे की सब्जी। सब आइए। बलीराम, क्रेन।" भाटे म्हणजे आपली वांगी. पण खाली नाव लिहून पुढे क्रेन लिहायची काय गरज होती, कोण जाणे.

आता त्या निरोपाच्या खाली एक इवलासा पिवळा हात चिकटला होता. पाचही बोटं उघडी, तळवा समोर. शेजारी आकडा, म्हणजे तेवढ्या घरांनी तो हात दाखवला होता. जवळजवळ सगळी स्ट्रीटच. शब्द एकाचाही नाही.

"एकानं पंजा दाखवला तरी क्रेन थांबवा लागते," हे म्हणाले. "इथं तं सगळ्याइनंच दाखवला."

प्लांटमध्ये वर केबिनमध्ये हे असायचे, खाली इशारे देणारे फकिरा भाऊजी, आणि मध्ये हुकाला लटकलेली वितळल्या लोखंडाची बादली. आवाज इतका की शब्दाचा काही उपयोग नाही, सगळा कारभार हातांचा. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, म्हणजे काम चालू. उघडा पंजा दिसला की थांब. बाकीचे इशारे फकिरा भाऊजींचेच मानायचे, पण पंजा कुणीही दाखवो, अगदी झाडूवाल्याने दाखवला तरी क्रेन जागीच थांबली पाहिजे. का, कशाला, हे विचारायचं नाही. फकिरा भाऊजींनीही मोबाइल नाकाशी नेऊन पाहिला होता आणि मान हलवली होती. झालं, दोघांचं एकमत.

मला मात्र तो टाटा दिसला. सरळसरळ टाटा. जेवायला या म्हटलं तर लोक निरोप देऊन मोकळे झाले? इतकी घाई झाली आम्हाला घालवायची? आणि सगळ्यांत आधी कुणी केला, तर शेजारच्या उन्नतीने. जिच्या जन्माच्या वेळी तिच्या आईला मी डिंकाचे लाडू करून नेले होते, तिने. माझं डोकंच फिरलं. हे म्हणत राहिले, टाटा नाही, थांबवा म्हणतात. मी म्हणत राहिले, टाटाच आहे. आता आठवून हसू येतं, तेव्हा डोळे भरून आले होते.

"एकदा इचारून तं पाहा कोणाले," मी म्हटलं.

"पंजा दाखवल्यावर इचारत नसतेत, हिरा."

रागावून म्हणाले असते तर मी भांडले तरी असते. शांतपणे म्हणाले आणि उरलेल्या गोवऱ्या उचलू लागले. त्यांना आधीपासून हेच उत्तर अपेक्षित होतं की काय, असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

भाऊजी ठेला ढकलत निघाले. हे ओट्यावर बसले. मी ओली वांगी पिशवीत कोंबत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. उन्नतीच. हातात घरची विळी.

"काकू, मम्मी म्हणे, जाऊन काकूचे भाटे चिरून दे. किती हायेत?"

मी तिला असं काही सुनावलं की बिचारी विळी घेऊन तशीच उभी राहिली. कशाला आलीस, टाटा करून झालाय ना, मग आता चिरायचं काय उरलं, असं बरंच काही बोलले. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग यांच्याकडे.

"टाटा? काकू, वो तो हाजरी है. शाळेत नाव घेतलं की हात वर करतो ना, तसा. मी केला, मंग सगळ्यांनी तोच दाबला." मग जरा रुसूनच म्हणाली, "पापानं तं उद्याची ड्यूटी बदलून घेतली."

हे ओट्यावरून उठले. "सगळेच येऊन राहिले?"

"सगळे, काका. ना म्हणणारं कोणीच नाही."

यांनी मोबाइल काढून तो पिवळा हात पुन्हा एकदा पाहिला. मग चपलाही न घालता फाटकाबाहेर गेले. ठेला स्ट्रीटच्या टोकाला पोचला होता. हाक मारून काय फायदा, भाऊजींचे कान प्लांटनेच नेलेले. हे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. वळणावर भाऊजींनी मागे पाहिलं, तेव्हा यांनी हात उंच केला, बोट आभाळाकडे धरलं आणि गोल फिरवलं. आयुष्यभर दुसऱ्याचा इशारा पाहून चालणारा माणूस, तो आज स्वतः इशारा देत होता. भाऊजींनी ठेला वळवला.

रविवारी पंगत अंगणात मावली नाही, फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. कुणी घरून सतरंज्या आणल्या, कुणी पाण्याचे कॅन. उन्नतीने चिरलेल्या वांग्यांची भाजी झणझणीत झाली होती, पोरं सूं-सूं करत खात होती. फकिरा भाऊजी पाटीतून रोडगे वाढत पुढे, आणि तुपाचं भांडं घेऊन हे मागे. घाम फुटलेला दिसत होता, पण वाढणं चालू होतं.

हे उन्नतीच्या वडिलांपाशी, परागपाशी, आले. त्याने पत्रावळीवर उघडा पंजा धरला. "बस, भाऊ, बस."

हे जागीच थांबले. तुपाची पळी तशीच अधांतरी. मी दारातून पाहत होते.

मग त्यांनी डाव्या हाताने परागचा पंजा हळूच बाजूला सारला.

"आज नाई थांबत मी," म्हणाले, आणि रोडग्यावर तूप सोडलं.

शेजारच्या पत्रावळीवर उन्नतीने आधीच हात आडवा धरला होता. हे हसले आणि पळी भरून तिच्याकडे वळले.