माझ्या वाट्याचं अर्धं गाणं

मी डावा बोलतोय. डावा म्हणजे डावा स्पीकर. कपडे शिवायच्या एका दुकानात, दोऱ्यांच्या रिळांच्या वरच्या फळीवर बसलेला लाकडी खोका. आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोलत आलो. आज स्वतःचं बोलतोय, तेव्हा मध्येच कुणी बटण दाबू नका, एवढंच सांगणं आहे.

आधीच सांगून ठेवतो, मी संशयी आहे. तो गुण जन्मापासूनचा. कारखान्यात आम्हाला चिकटवलं, रंगवलं, तोंडावर जाळी बसवली आणि मग एक माणूस कान लावून पुन्हा पुन्हा वाजवून बघत बसला. "काहीतरी घरघरतंय," असं तो प्रत्येकालाच म्हणायचा. जन्मल्या जन्मल्या ज्याच्यावर शंका घेतली, तो पुढे कुणावर काय विश्वास ठेवणार?

जन्मलो मात्र जोडीने. उजवा आणि मी. एकाच फळीतून कापलेले, एकाच पेटीत भरलेले. मशीनच्या खडखडाटात जीव रमावा म्हणून दुकानाच्या मालकांनी आम्हाला आणलं. ते गेले आणि दुकान त्यांच्या दोन मुलींकडे आलं. थोरली कापड बेतायची, धाकटी शिवायची. उजवा त्या भिंतीवर, मी या भिंतीवर, मधे दोघी बहिणी. गाणं आम्ही वाटून घ्यायचो. काही तो म्हणायचा, काही मी, आणि खाली ऐकणाऱ्याला ते अख्खं ऐकू यायचं.

माझ्यापेक्षा संशयी अशी एकच व्यक्ती मी पाहिली, ती म्हणजे थोरली. गिऱ्हाइकाने कापड दिलं की त्याच्या नाकासमोर टेप लावून मोजणार. "नंतर कमी भरलं म्हणायचं नाही हं." लग्न तिने केलंच नाही. स्थळं आली होती म्हणे, पण प्रत्येकात तिला काहीतरी खोट दिसली. धाकटी अगदी उलटी. हसरी, गोलमटोल, लग्न झालेली. नवऱ्याची बदली दुसऱ्या शहरात झाली तरी दुकानासाठी मागे राहिलेली. थोरली तिला लाडाने "ढमे" म्हणायची, आणि रागानेही "ढमे"च म्हणायची. फरक नुसता सुरात असायचा.

एक दिवस धाकटीने दुकानातल्या फोनवर ते गाण्यांचं प्रकरण घातलं.

"ताई, जगातली सगळी गाणी आहेत यात. शिवाय आपली आवड ओळखून हे नवीन गाणी शोधून देतं."

"ओळखून? याची माझी ओळख झाली कधी?"

"तू जे ऐकतेस ना, त्यावरून ठरवतं."

"म्हणजे मी गाणं ऐकायचं आणि याने मला ऐकायचं? काही नको. आणि फुकट कोण कुणाला गाणी ऐकवतं गं?"

धाकटी नुसती हसली. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. तो फोन म्हणजे चपटा, ना खोका ना जाळी, आणि कालचा आलेला हा आम्हाला हुकूम सोडणार! थोरलीने तर दुसऱ्याच दिवशी त्याच्यासाठी जाड कापडाची पिशवी शिवली, झाकणाची, बटण लावायची. "बायका माप द्यायला येतात इथे. याला काही दिसता कामा नये." तेव्हापासून फोन पिशवीत आणि गाणी पिशवीबाहेर, असा कारभार सुरू झाला.

मग ते भांडण झालं.

एका नवरीचा पोशाख होता. महाग कापड. धाकटीने थोरलीला न विचारता कात्री चालवली आणि बाही आखूड झाली. चूक झालीच होती, पण सांधता आली असती. थोरलीने भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "तुझ्या हातात कात्री देणंच चुकलं. बाबा होते म्हणून खपलं." धाकटीचा चेहरा उतरला. तिने कात्री टेबलावर ठेवली. "इतकी वर्षं नवऱ्याला सोडून इथे कशासाठी राहिले मी?" तर ही म्हणते, "मी कुठे राहा म्हटलं होतं? जा. आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस."

मला तेव्हाच कळलं की ही हे वाक्य मनातून बोललेली नाही. पण मला कोण विचारतो?

धाकटी निघाली तेव्हा थोरलीने ताठ मानेने वाटणी केली. कुणाचं काही ठेवायचं नाही! दोन मशीन, एकेक. दोन मोठ्या कात्र्या, एकेक. आणि मग तिची नजर वर गेली. तिने स्टूल घेतलं, उजव्याची तार उपटली आणि त्याला धाकटीच्या सामानावर ठेवून दिलं.

शेजारच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक दारातून ओरडला, "अहो ताई, जोडी आहे ती! एकेकटे कशाला करताय?"

"वाजतो ना एकेक? मग झालं."

वाजतो हो. पण काय वाजतो? माझ्या वाट्याला गाण्याची डावी बाजू येते. उजवीकडचं जे काही असेल, ते उजव्याबरोबर गेलं. काही गाण्यांत ते कळत नाही, पण काही गाण्यांत नुसता ताल उरतो आणि गाणारा भलत्याच ठिकाणी गप्प बसतो. थोरलीला वाटायचं, नव्या गाण्यांची पद्धतच अशी असेल.

हो, नवी गाणी ती ऐकायला लागली होती. बोलायला कुणी उरलं नव्हतं ना! सकाळी पिशवीचं बटण काढायची, अंगठा दाबायची आणि पुन्हा बटण लावायची. आत तो चपटा "तुमच्यासाठी" म्हणून काय काय काढायचा. कुठल्या कुठल्या भाषा. पहिले काही दिवस ती नाकं मुरडायची. मग एकदा एक गाणं आलं. एक ढोल आणि एक जाड आवाजाचा पुरुष. तो एक ओळ म्हणायचा, थांबायचा, पुन्हा एक ओळ. थोरली हातातली सुई तशीच धरून बसली.

"हा मध्येच थांबतो का?" ती मला म्हणाली. म्हणजे मला असं नाही, भिंतीकडे बघून म्हणाली.

पण ते तिला आवडलं. तिने त्याचं नाव ठेवलं काजांचं गाणं, कारण त्याच्या थांब्यात एक टाका बरोबर बसायचा. मग सरळ टिपेचं एक गाणं झालं. उसवायचं एक गाणं झालं, रडकं, लांबलचक. शब्द एकाचाही कळत नव्हता. "या मेल्याला माझी आवड कळली कशी?" ती पिशवीकडे डोळे वटारून म्हणायची आणि आवाज थोडा वाढवायची.

मला शंका होतीच. एकट्या बाईच्या मनातलं एवढं नेमकं ओळखणारा माणूससुद्धा मी पाहिला नव्हता, हा तर चपटा! यात दुसऱ्या कुणाचा तरी हात आहे, असं मला सारखं वाटायचं.

त्यातच दुपारी गाणं मध्येच बंद पडायला लागलं. छान चाललेलं, आणि एकदम चिडीचूप. थोरली उठायची आणि मला थापट मारायची. मी काय केलं होतं? तारेतून आलंच नाही तर मी आणू कुठून? पण पिशवी उघडून फोनकडे बघायचं तिला सुचलंच नाही. बदनाम झालो मी.

हळूहळू गाण्यांचा रंगही बदलला. आधी संथ, मऊ काहीतरी यायला लागलं. मग चक्क अंगाई! एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी चार. थोरली संतापली. "माझ्या घरात कधी पाळणा हलला नाही, आणि हा मला अंगाई ऐकवतो! थट्टा करतो काय मेला?" त्या दिवशी तिने टीप वाकडी मारली. मला त्या चपट्याचा असा राग आला म्हणून सांगू!

शेवटी एक दिवस गाणंच गेलं. माझ्यातून नुसतं "शूऽऽऽ" असं यायला लागलं. ना सूर, ना ताल. बदलायला जावं, तर पुढचंही तसंच.

"संपला हा खोका," थोरली म्हणाली. "भंगारात देऊन टाकते."

तिने मला फळीवरून उतरवलं आणि दाराशी, कापडाच्या चिंध्यांच्या गाठोड्याशेजारी ठेवलं. तार तेवढी अजून जोडलेली. मी शूऽऽ करतोय आणि मनात म्हणतोय, बाई, मी नाही गं, तो करतोय! कारखान्यातला तो माणूस आठवला. काहीतरी घरघरतंय.

तेवढ्यात आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक नर्सबाई आल्या, ड्युटीचा ड्रेस सैल करून घ्यायला. दारातच थबकल्या.

"अय्या, घरात बाळ आलं वाटतं?"

"कुणाच्या?" थोरलीने टेप गळ्यात अडकवला.

"मग हे कशाला लावलंय? हे तान्ह्या बाळांना झोपवायचं असतं. आमच्या वॉर्डात आया लावतात ना फोनवर. पोटात असताना बाळाला असाच आवाज येतो म्हणतात."

"खोका बिघडलाय तो."

"बिघडलेला नाही हो. बघा ना फोनमध्ये काय लिहिलंय."

थोरलीने पिशवी उघडली. चष्मा सापडेना, म्हणून शेजारच्या चष्मेवाल्यालाच हाक मारली. त्याने फोन हातात घेतला आणि वाचलं, "तान्हुल्यांची झोप." एवढ्यात माझा आवाज बंद पडला. दुपार झाली होती.

"बघा, असाच बंद पडतो हा!" थोरली म्हणाली.

"हा नाही बंद पडत," चष्मेवाला म्हणाला. "इथे लिहून आलंय, दुसऱ्या फोनवर गाणं सुरू आहे. ताई, हे खातं दोन फोनांवर आहे. तिकडे लावलं की इकडचं थांबतं. आणि हा तुमच्यासाठी म्हणून जे काढून देतो, ते दोन्ही फोनांवरचं मिळून असतं. हे खातं काढलं कुणी?"

थोरलीची नजर धाकटीच्या मशीनच्या रिकाम्या जागेकडे गेली.

"आणि फुकट नसतं हे. कुणीतरी पैसे भरतंय की अजून."

थोरली मशीनच्या स्टुलावर बसली. काजांचं गाणं, उसवायचं गाणं, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार, कारण माझ्या तरी गेलं. चपट्याने काही ओळखलं नव्हतं. दुसऱ्या शहरात धाकटी ऐकत होती आणि तेच इकडे झिरपत होतं.

"ढमीला बाळ झालं," थोरली म्हणाली. "आणि मला कळवलं नाही." मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "कळवणार कशी? तोंड दाखवू नकोस म्हणाले मी."

"अहो मग आता फोन लावा की!" नर्सबाई म्हणाल्या.

"नाही उचलला तर?"

थोरलीला कुणी नाही म्हटलेलं सोसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. चष्मेवाल्याने डोकं खाजवलं. म्हणाला, "असं करू. आवडती गाणी एकत्र बांधून त्या गाठोड्याला नाव देता येतं. खातं एकच, म्हणजे तिकडेही दिसेल. नाव काय देऊ?"

थोरलीने गाणी निवडली. काजांचं, सरळ टिपेचं, उसवायचं. नावाला मात्र तिला फार वेळ लागला. गळ्यातला टेप ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. शेवटी म्हणाली, "लिहा. ढमे, बाळाचं माप पाठव."

मला परत फळीवर ठेवलं. माफी वगैरे कुणी मागितली नाही.

मग वाट बघणं. मी सांगतो, माझा काही भरवसा नव्हता. धाकटी ते गाठोडं बघेल कशाला? बघितलं तरी रागच येईल. थोरली दिवसातून कितीदा तरी पिशवी उघडायची, बंद करायची. बटण तुटलं, तिने पुन्हा लावलं. चष्मेवाला रोज डोकावून जायचा आणि मान हलवायचा. थोरली म्हणायची, "मला माहीतच होतं." हे वाक्य ती फार घाबरलेली असली की म्हणते.

आणि एका सकाळी चष्मेवाल्याने फोन बघितला आणि तिच्यासमोर धरला. स्वतःच्या नाकावरचा चष्माही काढून दिला. गाठोडं तेच होतं, गाणी तीच. नाव कुणीतरी बदललं होतं.

"माप घ्यायला तूच ये, ताई."

थोरली रडली. अगदी हुंदके देऊन, गिऱ्हाईक दारात उभं असताना. आणि मग टेप, खडू आणि मऊ कापडाचे चार तुकडे थैलीत भरून दुकानाला कुलूप लावून निघून गेली. जाताना माझं बटण बंद करायची विसरली. मी बरेच दिवस तसाच, लाल दिवा लावून बसून होतो.

परत आली ती बडबडतच. "नर्सबाई, तुम्हाला सांगते, काजांच्या गाण्यात एक बाई आहे! तिकडच्या खोक्यातून ती गाते. इथे हा थांबतो ना, तिथे ती उत्तर देते त्याला. मी इतके दिवस नुसतं त्याचंच ऐकत होते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हा कुणासाठी थांबतो, ते मला आत्ता कळलं."

मला वाटलं, आता उजवा परत येणार. कसलं काय! तो तिकडे बाळाच्या पाळण्याशेजारी बसून शूऽऽ करतो. मजेत आहे म्हणे. मी इथेच आहे. जाळीवर धाग्यांची धूळ, एक कोपरा उडालेला, आणि पोटात अजून अर्धंच गाणं. थोरली पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. बाळ वाढतंय, तेव्हा नवीन माप लागणारच.

पण माझा स्वभाव जात नाही. परवा चष्मेवाला म्हणाला, "ताई, वेगळं खातं काढून देतो. मग दुपारी गाणं तुटणार नाही." म्हणजे तिकडचं इकडे झिरपायचंही थांबणार! थोरलीने मानेनेच नको म्हटलं. तरी तो माणूस उत्साही आहे, माझं त्याच्यावर लक्ष आहे.

आणि तुम्हालाही हात जोडून सांगतो, मला हात नसले तरी. तुमच्या घरी गाणं मध्येच थांबलं, तर लगेच खोक्याला थापट मारू नका. आधी विचार करा, ते दुसऱ्या कुणाला हवं असेल का.

आमच्याकडे अजून रोज दुपारी ते तुटतं. थोरली मशीनवरचा पाय उचलते. समोरचं गिऱ्हाईक आपलं मोठमोठ्याने काहीतरी सांगत असतं.

"जरा हळू बोला हं," थोरली म्हणते. "बाळ झोपतंय."

गिऱ्हाईक दुकानभर बघतं. बाळ कुठेच नसतं. पण तेही आवाज खाली आणतं, आणि मी तर गप्पच असतो.