मालकांगोणीचं तेल

पुतणीच्या हळदीत नाचायचंच, असा काळेवाडीच्या कौशल्याबाईंनी चंग बांधला होता, पण गुडघे ऐकेनात. वैद्यांनी दिलेल्या मालकांगोणीच्या तेलाची बाटली त्यांनी थेट तोंडाला लावली, तेवढ्यात सून सुप्रिया धावली.

“अहो आई, ते प्यायचं नाही, चोळायचं!”

सुप्रियानं आधी त्यांच्या मनगटावर थेंबभर लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशीही पुरळ उठलं नाही, तेव्हा कोमट तेलानं गुडघे चोळून दिले.

हळदीला भोसरीच्या मांडवात ढोल वाजला आणि कौशल्याबाईंच्या अंगात वारं शिरलं. गुडघे जरासे कुरकुरले, पण त्यांनी नवऱ्याला, उद्धवरावांना, हात धरून ओढलंच.

“अगं, लोक बघतायत!”

“बघू देत की! पाय उचला!”

उद्धवरावांनी लाजत पाय उचलला. मग मात्र ते कुणाच्या बापाला ऐकेनात.